विषय ज्याचा, तो बाहेर

तलाव बुजवून हॉटेल होऊ द्यावं का, यावर मच्छीमार संस्थेत मतं समसमान पडली. तलावही संस्थेचा सभासद होता. पाण्यातली यंत्रं त्याचं म्हणणं कर्ण्यातून ऐकवत.

“आता तूच सांग गा,” अध्यक्ष इंदूबाई म्हणाल्या.

“विषय माझाच आहे. ज्याचा विषय, त्यानं मत न देता बाहेर जायचं, हा तुमचाच नियम,” तलाव म्हणाला आणि कर्णा बंद झाला.

“बुडवलं ना यानं!” मागून कुणीतरी ओरडलं.

हॉटेलच्या बाजूनं हात वर केलेला फागोजी बराच वेळ टोपी चाचपत बसला. मग उठला.

“कुठं निघाले, फागोजी?”

“बाहेर. हॉटेल माह्या जावयाचं आहे.”

इंदूबाईंनी हात पुन्हा मोजले. तलाव एका मतानं वाचला.

काठावर फागोजी पाण्याला म्हणत होता, “आता माह्या पोरीले तूच समजाव.”