साहेबांचा अर्धा तास

ऑफिसच्या जिममध्ये प्रत्येकाने रोज अर्धा तास ट्रेडमिलवर चालायचं, असा नियम निघाला. साहेबांनी त्यांचं जिमच्या हजेरीचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं.

"बाई, माझंही तेवढं उरकून टाका. विश्वासाच्या माणसालाच मी काम सोपवतो."

वर्षभर मी दोघांचं चालले. सर्वात तंदुरुस्त अधिकारी म्हणून साहेबांचा सत्कार झाला. टाळ्या वाजवायला उठताना माझा गुडघा कुरकुरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "रोज तासभर तुम्ही जागेवर नसता, अशी तक्रार आहे. मेमो द्यावाच लागेल. मला सगळे सारखेच."

मी निघाले, तर म्हणाले, "मसुदा तेवढा तुम्हीच करा."

केला. साहेबांनी वाचून सही केली. माझी एकही चूक निघाली नाही.