फ्लेक्सवरचं तोंड

लग्नांत सूत्रसंचालन करणाऱ्या हर्षदाने स्वतःच्या नावाचा ब्रँड करायचा म्हणून अमजदच्या स्टुडिओत फोटो काढून घेतला आणि राहात्याच्या चौकात फ्लेक्स लावला. ओठ मिटलेलेच हवेत, असं तिने बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर ओठ विलगलेले दिसले. तिसऱ्या दिवशी दात.

ती तणतणत स्टुडिओत शिरली. "माझं तोंड उघडायला तुला कुणी सांगितलं?"

"ताई, मी हात बी लावला न्हाई. हा बघा, फोटो तसाच हाय."

"थापा मारू नकोस! चल चौकात!"

चौकात माणसं माना वर करून उभी होती. फ्लेक्सवरून हर्षदाच्याच आवाजात घुमलं, "नमस्कार, मंडळी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"माझा आवाज आहे तो!" असं ती जिवाच्या आकांताने ओरडायला गेली. तिचे ओठ उघडेनात.