तापवलेला डफ

‘सवाल कानानं ऐकू नको, पोरी. नाकानं हुंग. खोट्याला वास असतो.’

वडिलांचा, बब्रुवान शाहिराचा, हा आवाज हर्षालीला आजही तसाच ऐकू यायचा, डफावर बोट टेकवून हळूच सांगितलेला. अणदूरच्या जत्रेत कलगीतुऱ्याचा फड बसला की हरिबानं सवाल घालायचा आणि तिच्या वडिलांनी जवाब द्यायचा. हरिबा वाशीचा. एरवी साधंच बोलणारा माणूस, पण त्याचे सवाल असे की फड श्वास धरून बसायचा. जत्रेआधी तो त्यांच्या घरी जेवून जायचा. वडील तालमीला गेलेले असले तरी तिची आई द्वारकाबाई त्याला वाढायची. फडात वैरी, ताटावर सोयरा.

वडील गेले आणि डफ खुंटीला लागला. हर्षालीचाही गळा बसला. चार माणसांपुढं उभं राहिलं की शब्द घशातच अडायचा.

मोबाईलवर मात्र तिची बोटं बापासारखी बोलायची. ‘दाखव की!’ हे तिचं पान जिल्हाभर वाचलं जाई. कुठल्याशा देशात एक माणूस चाळीस वर्षं झोपलाच नाही, अशी बातमी फिरली तेव्हा तिनं लिहिलं, ‘त्याच्याकडंबी शेतीपंपाची लाईट रात्रीच येत असंल.’

पण तिची खरी जुगलबंदी होती ‘अजब धाराशिव’ या पानाशी. ते कोण चालवतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्याच एका थापेला चिडून हर्षालीनं पहिल्यांदा उत्तर लिहिलं होतं, आणि तेव्हापासून थापा थांबल्या नव्हत्या. फोटो कधीच नसायचा. नुसती थाप, ऐटीत.

‘वाशीच्या बाजारात कोंबडीनं स्वतःचा भाव स्वतः ठरवला.’

हर्षालीचं उत्तर: ‘शेतकऱ्याला जमलं न्हाय ते हिला जमलं. हिलाच निवडून द्या!’

‘ढोकीत उसाच्या ट्रॅक्टरला मोड फुटले. ड्रायव्हर म्हणतो, डिझेल नगं, पाणी द्या.’

‘टँकरची वाट बघत उभा राहिला असंल. तेवढ्या वेळात दगडालाबी मोड फुटतात.’

भाकरी थापता थापता द्वारकाबाई विचारायची, “ट्रॅक्टरला खरंच मोड फुटले का गं?”

“आई, तुला काहीबी खरं वाटतं.”

“मला काय कळतंय? लोकं म्हणत्यात.” आणि भाकरी झाल्या की ती गोठ्यात जायची. तिथं शेळीशी पुटपुटत बसायची सवय तिला वडील गेल्यापासून लागली होती. सोबतीला हर्षालीचा जुना, काच तडकलेला मोबाईल असायचा, भजनं ऐकायला.

जत्रेच्या दिवशी उन्हं वर आली आणि ‘अजब धाराशिव’नं लिहिलं, ‘लिहून कुणीबी बोलतं. फडात ये, तोंडानं जवाब दे. जमलं न्हाय तर बापाचा डफ खाली ठेव.’

फडाची रीतच होती ती. जो बिनजवाब राहील त्यानं डफ समोरच्याच्या पायाशी ठेवायचा. वडिलांनी तो कधीच ठेवला नव्हता.

“हा रणधीरच,” ती म्हणाली. रणधीरचं चौकात मोबाईलचं दुकान होतं. “त्याच्याशिवाय एवढी अक्कल कुणाला?”

“हुंगून बघ की. नाक बापाचं हाय ना तुझं?”

“कायच वास येत न्हाय गं!”

“घरातल्या धुराचा तरी कुठं येतो?” द्वारकाबाई चुलीत फुंकर मारत म्हणाली. “जायचं नसंल तर जाऊ नगं. जायचं असंल तर गार डफ नेऊ नगं.” तिनं खुंटीवरचा डफ उतरवला आणि निखाऱ्यावर सावकाश फिरवत राहिली. कातडं ताठ झालं. बोटानं टिचकी मारून तिनं ते कानाशी धरलं आणि मान हलवली.

“चल की तूबी.”

“शेळी कोण बघंल? तू जा, माय.”

दुपारी फड भरला. मधोमध पंच म्हणून म्हातारा हरिबा. रणधीर पुढच्याच रांगेत, दात काढत. हर्षाली डफ छातीशी धरून उभी होती.

“‘अजब धाराशिव’चा सवाल आला बरं का,” हरिबानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. “‘अणदूरच्या एका घरात खुंटीवरचा डफ रोज बोलतो, पण घरातली लेक मुकी. खरं का खोटं?’”

हर्षालीनं तोंड उघडलं. शब्द आला नाही. मागून कुणीतरी हसलं.

“पोरी, ठेवतीस का डफ?” हरिबानं मऊपणानं विचारलं.

तिचा हात डफावर पडला. कातडं अजून उबदार होतं. एक थाप पडली, मग दुसरी. आणि गळा सुटला.

‘खुंटीवरचा डफ मुका, बातमी तुझी खोटी,
आईनं तापवला चुलीवर, तवा बोल आले ओठी!’

भंडारा उधळला. माणसं उठून उभी राहिली. “बब्रुवानाची लेक!” कुणीतरी ओरडलं. हर्षालीचा आवाज आता थांबायला तयार नव्हता.

“सवाल घालणाऱ्यानं पुढं यावं! रणधीरभाऊ, या की. आता लाजताय कशाला?”

“देवाशपथ ताई, म्या न्हाय!”

बायकांच्या घोळक्यात हालचाल झाली. भंडाऱ्यानं पिवळी झालेली द्वारकाबाई वाट काढत पुढं आली आणि तिनं तडकलेल्या काचेचा मोबाईल लेकीच्या पायाशी ठेवला. हरिबानं पंचाची जागा सोडली आणि तिच्यापुढं हात जोडले. “आतातरी सांगा, वहिनी,” तो म्हणाला. “लई वर्सं तोंड दाबून बसलोय.”

“हरले गं, बाई,” ती लेकीला म्हणाली. मान मात्र ताठ होती. “आन् तुझ्या बापाला शेवटपर्यंत कळू दिलं न्हाय म्या. ह्या हरिबाच्या तोंडातले सवालबी माझेच व्हते.”