हनुवटीवरचं गोंदण

तिसऱ्या शोरूममध्येही आप्पांनी खिशातून भिंग काढलं आणि त्यांची मुलगी विशाखा दोन पावलं मागं सरकली.

चिकलठाण्याच्या त्या गाळ्यातलं फ्लेक्स छापायचं मशीन नुकतंच थांबलं होतं. त्यातून तिची आई बाहेर आली होती. हिरवं पातळ, डोक्यावर पदर, खाली ‘मनकर्णाबाई, प्रथम पुण्यानुमोदन’. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. आप्पांनी फ्लेक्स टेबलावर पसरायला लावला, चष्मा कपाळावर सारला आणि बायकोच्या हनुवटीवर भिंग धरून ते वाकले.

औरंगपुऱ्यातल्या दुकानातलं त्यांचं जुनं मशीन महिन्यापूर्वी कायमचं बसलं. तसं वर्षभर तरी ते कुठं धड छापत होतं? पुढाऱ्याचा वाढदिवस असो की कुणाची श्रद्धांजली, प्रत्येक चेहऱ्यावर आडवे पट्टे. आता जयंतीच्या बॅनरांचा हंगाम तीन आठवड्यांवर आला होता, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाच्या पायऱ्या चढत होतं, आणि आप्पांना मशीन काही पसंत पडत नव्हतं.

मशीन बघायला जाताना छापायला अवघड अशी आपली एखादी फाईल बरोबर न्यायची, ही या धंद्यातली रीत. कुणी पैठणीचा काठ नेतं, कुणी बारीक अक्षरं. आप्पांनी बायकोचा फोटो घेतला. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं. लहानपणी कन्नडच्या बाजारात गोंदवून घेतलेले, पुढं फिकट पडलेले हिरवट ठिपके. ज्या मशीनवर ते उठतील ते मशीन आपलं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आधीच्या दोन शोरूममध्ये ठिपके उठले नाहीत. दोन्ही मशीनं बाद.

उभी हयात हातानं पाट्या रंगवलेला माणूस. आप्पांची, म्हणजे कडुबा पेंटरची, नजर रंगाच्या बाबतीत कधी चुकली नव्हती आणि आताही चुकत नव्हती. चुकलं होतं विशाखाचं, आणि ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

आई गेली त्या दुपारी घरात माणसं जमत होती आणि बॅनर करायला तीच दुकानात येऊन बसली. आप्पांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. तिनं फोटो उघडला आणि हाताला जी सवय होती ते हातानं केलं. दुकानात येणारा प्रत्येक चेहरा ती न विचारता स्वच्छ करायची. मुरुम, वांग, देवीचे व्रण, सगळं जायचं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. रडता रडता तिनं आईलाही स्वच्छ केलं. मग त्याच फाईलवर सेव्ह केलं. आईचा जवळून काढलेला तेवढा एकच फोटो होता, आणि ज्या फोनवर तो काढला तो केव्हाच बिघडून गेला होता. आधार कार्डावरची बाई तर आई वाटतही नव्हती.

त्या दिवशी बॅनरवर पट्टे आले आणि आप्पा म्हणाले, मशीननं हनुवटी खाल्ली. विशाखा गप्प बसली. ती आजवर गप्पच होती आणि त्याची तिला रोज लाज वाटायची.

“हे बी नाय,” आप्पा सरळ होत म्हणाले. “गोंदण उठंना.”

शोरूमच्या सर्जेरावांना ते लागलं. या मशीनवर मुंगीचे पाय मोजून घ्या, असं ते सकाळपासून सांगत होते. त्यांनी कॉम्प्युटरवर तो चेहरा मोठा मोठा करत नेला. शेवटी पडदाभर हनुवटीच राहिली. गुळगुळीत, नुसती कातडी.

“काका, मशीनला नावं ठेवू नका. फाईलमधीच नाय, तर ते छापणार कुठून?”

आप्पांनी पडद्याकडे बघितलं. मग फ्लेक्सकडे. पदराच्या काठाचा धागा न् धागा उठला होता.

विशाखाला वाटलं, आता विचारतील. पण फोटोच तसा निघाला असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी सर्जेरावांकडून बारीक टोकाचं हिरवं मार्कर मागून घेतलं आणि ब्रश धरायचे तसं धरलं, करंगळी टेकवून. टोक हनुवटीपर्यंत गेलं आणि थांबलं.

“तीनच व्हते ना गं?” त्यांनी विचारलं. “मधी एक अन् बाजूनं दोन?”

चाळीस वर्षांचा संसार, आणि माणूस वर्षभरात विसरला होता. विशाखाला नुसतं हो म्हणायचं होतं. तीन ठिपके पडले असते, मशीन पसंत झालं असतं, आणि ती सुटली असती.

“पाच,” ती म्हणाली. “पाच व्हते आप्पा. एकेक करून मीच पुसले.”

सर्जेराव उगीच वायरी आवरायला लागले. आप्पा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी मार्कर तिच्यापुढं धरलं.

“मंग तूच ठेव ठिपके,” ते म्हणाले. “मला आता ती दिसंना.”

तिनं मार्कर घेतलं. माऊसला सरावलेल्या बोटांत ते नीट बसेना. पहिला ठिपका तिनं आईच्या हनुवटीवर टेकवला. छपाईची शाई अजून सुकली नव्हती. ठिपका ओठापर्यंत पसरत गेला.