वाकडा पाना

अणुभट्टीतलं वितळलेलं सोडियम आरशासारखं चकाकतं, पण त्याच्या आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून तपासणीच्या वेळी आम्ही ध्वनिलहरी सोडतो आणि प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उमटवतो. यंदा तळाशी चक्क वाकड्या दांड्याचा पाना उमटला. साहेबांनी कपाळाला हात लावला; मला मात्र बाबांचा हरवलेला पाना आठवला. ही भट्टी उभारताना बाबा इथेच फिटर होते आणि असाच पाना ढापल्याच्या संशयावरून त्यांनी मामाशी कायमचा अबोला धरला होता. मामा शिंपी, भट्टीकडे कधी फिरकलासुद्धा नाही. घरी मी कागदावर आकृती काढली. "बाबा, हा तुमचाच ना?" "माझाच. दांडा मीच वाकवलाय." "अणुभट्टीच्या तळाशी सापडला." आईने मामाला जेवायला बोलावण्यासाठी फोन उचलला. बाबा कागद उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, "बघ, भामट्याने नेऊन लपवला तरी कुठे."