निळ्या दोऱ्याची गाठ

"काका, मी रेस देतच नाही, तरी ही बोंबलते," पूर्वा म्हणाली. "हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की इंजिन आपलं आपणच रेस होतं. काल ऑफिसच्या पार्किंगमध्ये पडता पडता वाचले."

दशरथने त्या काळ्या स्पोर्ट बाइककडे नाक वर करूनच पाहिलं. सेकंडहँड माल. पोरगी खराडीहून गुलटेकडीपर्यंत आली, म्हणजे वाटेतले सगळे मेकॅनिक करून झाले असणार.

"कार्बोरेटर किती जणांनी साफ केला?"

"तिघांनी."

"वा! मग आता त्यात दूध तापवा." त्याने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. माझ्या हातून गेलेली गाडी परत येत नाही."

हे वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ होतं. त्याने दोन बोल्ट काढले, पेट्रोलची नळी सोडवली, टाकी उचलून बाकावर ठेवली आणि वाकून आत बघितलं. मग तो तसाच वाकलेला राहिला.

हँडलखालच्या पाइपाला रेसची केबल बांधलेली होती. प्लास्टिकच्या पट्टीने नव्हे, निळ्या दोऱ्याने. मार्केट यार्डात कांद्याच्या गोणी शिवतात ना, तोच दोरा, दुहेरी, वर तीन पीळ. प्लास्टिक उन्हाने तडकतं, हा तडकत नाही, असं म्हणून उभ्या पुण्यात एकच माणूस केबल अशी बांधायचा. तो दशरथ.

त्याने टाकीवरचा रंग नखाने खरवडला. काळ्याखाली लाल निघाला. मग मागे जाऊन त्याने नंबर वाचला. वाचायची गरज नव्हती खरं तर.

प्रज्ञेशची गाडी. वरच्या मजल्यावरच्या जयाताईंचा प्रज्ञेश. चार वर्षांपूर्वी दशरथने ती स्वतःच्या हाताने ट्यून करून दिली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दिवे घाटात, डावीकडच्या वळणावर, पोरगा गेला. पोलीस म्हणाले, वेग. गल्ली म्हणाली, वेग. दशरथ तर सगळ्यांत मोठ्याने म्हणाला होता. मोडलेली गाडी पुढे कुणीतरी उचलली, पुढचा भाग नवा बसवला, रंग मारून विकली. टाकीखाली बघायची कुणाला काय पडलीय!

गाठ मारण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, केबलला ढील राहते की नाही ते. नवशिक्यालासुद्धा हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्या दिवशी आपण वळवलं होतं का? दशरथने खूप आठवून पाहिलं. आठवत होतं ते एवढंच, की जाताना पोरगं "काका, एक नंबर!" म्हणालं होतं.

कात्री खिशातच होती. एका क्षणाचं काम. दोरा कचऱ्यात, केबलला ढील, पोरगी खूश. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. त्याने कात्री काढली.

तेवढ्यात जिन्यावरून जयाताई उतरल्या. हातात भाजीची पिशवी. गॅरेजात तरुण पोर दिसलं की त्यांना पुढे जाववत नसे.

"तुझी का गं गाडी? हळू चालव हो बाळा. माझा मुलगा असाच गेला. घाटाखाली चहाला थांबला, तेव्हा फोन केलान. म्हणाला, आई, तुझी शपथ, हळू चालवतोय. आईची शपथ घेऊन खोटं बोलला कार्टा! फोटोसुद्धा लावला नाही मी त्याचा. कपाटात आहे, पालथा."

दशरथने हे शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा मान डोलावली होती. आज मान हलेना. त्याने कात्री परत खिशात टाकली.

"ताई," तो म्हणाला, "दोन मिनिटं थांबा."

टाकी बाकावरच होती, पण कार्बोरेटरमध्ये मिनिटभराचं पेट्रोल असतं. त्याने गाडी सुरू केली. इंजिन शांत चालू लागलं. त्याने दोन्ही हात वर केले, त्यांना दाखवले, आणि मग एका बोटाने हँडल डावीकडे ढकललं. इंजिन किंचाळलं. पूर्वाने कानांवर हात ठेवले. त्याने हँडल सरळ केलं, आवाज खाली आला.

"माझा हात रेसवर नव्हता. बघितलंत ना?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"ही प्रज्ञेशची गाडी आहे, ताई. वरून रंग बदललाय." त्याने दोऱ्यावर बोट ठेवलं. "त्याने वळणावर रेस सोडली होती. केबल ओढली गेली, म्हणून गाडी थांबली नाही. पोरगं खोटं नाही बोललं."

जयाताईंनी वाकून आत बघितलं. निळा दोरा गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ओळखू आला असता.

"ही गाठ तुझी."

"माझीच. हँडल वळवून बघितलं नाही मी. तुम्ही म्हणाल तिथे येऊन सांगतो. पोलिसांतसुद्धा."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. पिशवी खाली ठेवली, एक बोट पुढे केलं आणि स्वतःच हँडल डावीकडे ढकललं. इंजिन पुन्हा किंचाळलं. त्यांनी ते तसंच धरून ठेवलं. आतलं पेट्रोल संपलं, दोन आचके देऊन गाडी बंद पडली, तरी बोट हललं नाही.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या, "चार वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही रे, दशरथ."