सहाशे ग्रॅम

वजनकाट्यावर पाय ठेवला आणि गीताबाईने डोळे मिटून घेतले. मोताळ्याच्या शाळेतला सकाळचा योगवर्ग नुकताच सुटला होता. दर शनिवारी वर्ग सुटला की योग शिकवणाऱ्या धम्मशीला मॅडम बायांची वजनं घेत. मॅडमनी वाकून आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"ताई, मागच्या शनिवारपेक्षा सहाशे ग्रॅम वाढलं."

मागे उभ्या बाया चुकचुकल्या. गीताबाईचं वजन आता एकट्या गीताबाईचं राहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या, हरिओमच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तपासणीत तिची किडनी त्याला जुळली, पण डॉक्टर म्हणाले, आधी दहा किलो वजन उतरवा, मग पुढचं बघू. तेव्हापासून रोज पहाटे ती सतरंजी काखेत मारून येत होती. तीन महिने झाले. अजून एक किलोसुद्धा उतरलं नव्हतं.

"सूर्यनमस्कार तुम्ही सगळ्याईपेक्षा जास्त घालता," मॅडम म्हणाल्या. "खाण्यात काही चुकून राह्यलं काय?"

"नाही जी. सासूबाई उकडलेले मूगच देतात."

ते अगदी खरं होतं. ज्या रुक्मिणीबाईंनी पंधरा वर्षांत सुनेला कधी पाण्याचा तांब्या दिला नाही, त्या आता तिचं ताट स्वतः वाढत होत्या. गाव तर त्याच्याही पुढे. किडनी अजून बाईच्या पोटात, आणि इकडे देवळासमोर मांडव घालून शाल-नारळ, भाषणं, सगळं उरकून झालं. स्टँडवर फ्लेक्स लागला, 'आजची सावित्री', खाली तिचा लग्नातला फोटो. आपल्याकडे सत्काराची भारी घाई. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शंभर हात पुढे येतात, खाली कसं उतरायचं ते कोणी सांगत नाही. हातात माईक दिला तेव्हा गीताबाई नुसता नमस्कार करून खाली बसली होती. लोकांना तो तिचा विनय वाटला.

शाळेच्या फाटकातून ती बाहेर पडली. घर डावीकडे होतं, ती उजवीकडे वळली. स्टँडमागच्या गफ्फारभाईच्या हॉटेलात शिरून भट्टीजवळच्या आतल्या बाकावर बसली. गफ्फारभाईने काही विचारलं नाही. दोन गरम कचोऱ्या आणि तळलेली मिरची समोर ठेवली आणि तो पुन्हा कढईकडे गेला.

पहिली कचोरी तिने चार घासांत संपवली. भूक नव्हती, आणि खरं सांगायचं तर कचोरी तिला आता आवडतही नव्हती. वजन उतरलं की ऑपरेशन, या भीतीवर ती रोज घास ढकलत होती. सूर्यनमस्कार खोटे नव्हते. तिथे ती जीव तोडून वाकायची, आणि इथे येऊन सगळं भरून काढायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. नवरा वाईट असता तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

दुसरी कचोरी मोडली, तोच समोरच्या बाकावर कोणीतरी बसलं. हरिओम होता. शाळेपासून मागेमागे आला असावा, कारण त्याला धाप लागली होती. हातावर कालच्या डायलिसिसची पट्टी तशीच होती. गीताबाईने मोडलेला तुकडा परत प्लेटमध्ये ठेवला.

"किती भरलं?" त्याने विचारलं.

"सहाशे वाढलं."

"रोज येतं काय तू इथं?"

तिने मान डोलावली. डोळ्यांतलं पाणी ओढणीने पुसलं.

"मले लय भेव लागते हो," ती म्हणाली. "पोरी लहान आहेत. टेबलावरून मी उठलीच नाही तर? आन मले कोणी इचारलंबी नाही. तुमच्या मायनं नाही, गावानं नाही. सगळ्याईनं धरूनच घेतलं."

हरिओमने हातावरची पट्टी नीट दाबली.

"म्याबी नाही इचारलं," तो म्हणाला. "तू नाही म्हनशीन, याचंच भेव होतं मले."

"मग आता इचारा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग भट्टीकडे मान वळवली.

"गफ्फारभाई, आनखी एक प्लेट लावा."

गफ्फारभाईचा झारा कढईतच थांबला. हरिओमला मिठाचं, तळलेलं काही चालत नाही, हे साऱ्या स्टँडला ठाऊक होतं.

"मले नाही," हरिओम म्हणाला. "हिले."

प्लेट आली. त्याने ती तिच्यापुढे सरकवली.

"खा," तो म्हणाला. "मायले मी सांगतो, काही लोकाईचं वजन योगानं उतरतच नाही म्हनून."